पार्किन्सन्स आणि पेशींची रक्षक प्रोटीन्स

प्रश्न: डॉक्टर, सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे. व्हॉट्सॲपवर आलंय की हीट शॉक प्रोटीनची पावडर घेतली की हाताचा कंप थांबतो. सुरू करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नका करू. प्रोटीन तोंडावाटे घेतलं की पचून त्याचे तुकडे होतात, ते अख्खं मेंदूपर्यंत पोचतच नाही.

पण ही प्रोटीन्स खरी आहेत हं, उष्णता किंवा दुसरा ताण आला की पेशी स्वतःला वाचवायला ती जास्त बनवते. १९६२ मध्ये रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने फळमाशीच्या अळ्यांना जास्त उष्णता मिळाल्यावर त्यांच्या गुणसूत्रांवर आलेले फुगवटे (म्हणजे तिथली जनुकं कामाला लागल्याची खूण) नोंदवले आणि तिथून हा विषय सुरू झाला. यातलं एचएसपी७० नावाचं हीट शॉक प्रोटीन चुकीची घडी पडलेल्या प्रोटीनला धरतं, घडी नीट करायला मदत करतं, नाहीच जमलं तर ते मोडीत काढायला पाठवतं. पार्किन्सन्समध्ये अल्फा-सिन्यूक्लीन या चुकीची घडी पडलेल्या प्रोटीनच्या गाठी साचतात, आणि मेंदूतल्या चेतापेशी विभागत नाहीत त्यामुळे तो कचरा वाटलाही जात नाही, तिथेच राहतो. २००२ मध्ये माश्यांमध्ये एचएसपी७० वाढवलं तर डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या, पार्किन्सन्समध्ये मरणाऱ्या मेंदूतल्या पेशी वाचल्या, मलाही ते फार आशादायक वाटतं.

माणसात मात्र गाडी अडलीय. ही यंत्रणा वाढवणारं अरिमोक्लोमोल हे औषध एएलएस या स्नायू दुबळे करणाऱ्या चेतापेशींच्या आजाराच्या चाचणीत चाललं नाही, २०२४ मध्ये अमेरिकेत नीमन-पिक सी या दुर्मिळ आजारासाठी मान्य झालं, पार्किन्सन्ससाठी नाही.

आणि सासरे लेव्होडोपा ही पार्किन्सन्सची गोळी घेत असतील तर प्रोटीन पावडर सोबत घेतल्याने गोळीच कमी शोषली जाऊ शकते. गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास द्या, मळमळ झाली तर न्यूरॉलॉजिस्टना विचारा.