इटलीच्या खेड्यातल्या जुन्या व्हिलात राहायचं आहे, आम्ही १४ जण आहोत. कुठे राहावं?

माझं उत्तर एकच: उत्तर इटलीतल्या व्हिचेंझा शहराच्या दक्षिणेला, आगुल्यारो गावाजवळची व्हिला साराचेनो. आंद्रेआ पॅलाडिओ या नामवंत इटालियन वास्तुरचनाकाराची ही १५४०च्या दशकातली वास्तू पार मोडकळीला आली होती. लँडमार्क ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेनं ती मनापासून दुरुस्त केली आणि आता १६ जणांना पुरेल अशी ती भाड्यानं देतात. पॅलाडिओच्या ज्या २४ व्हिला यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, त्यांतलीच ही एक.

छपराखालचा मजला आवर्जून बघा. ते धान्याचं कोठार होतं! या व्हिला म्हणजे नुसते हौसेचे बंगले नव्हेत, शेती सांभाळणारे वाडे. मालक खाली राही आणि त्याच्या डोक्यावर पीक साठवलेलं असे. खालच्या दालनांत मान वर केलीत की छताच्या कडेनं जुनी भित्तिचित्रं दिसतील. पोरांना घाई करू देऊ नका, तिथे निवांत उभं राहावं.

हे हॉटेल नाही, स्वयंपाक आपला आपण करायचा. मला तर हेच जास्त आवडतं. डाळ, गोडा मसाला बरोबर न्या, भाज्या तिथल्या बाजारात घ्या. गाडीशिवाय मात्र अडचण होईल, त्यामुळे चालवणाऱ्यानं आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्यावा.