व्हिएत्रीच्या टाइल्स घेताना

इटलीतल्या अमाल्फीच्या किनाऱ्याला जाणारच आहात, तर हातानं रंगवलेल्या टाइल्स तिथल्या भेटवस्तूंच्या दुकानांत घेऊ नका. सालेर्नोला लागून असलेलं व्हिएत्री सुल मारे हे गाव याच कामासाठी ओळखलं जातं. तिथल्या कारागिरांकडे थेट जा. टाइल उजेडात तिरकी धरून बघा. ब्रशचे फटकारे कुठे गडद, कुठे फिके दिसले, दोन टाइल्सवरचं तेच फूल जरासं वेगळं निघालं, तर काम हातचं. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली की छापील समजा, दुकानदार कितीही गोड बोलला तरी.

खरा प्रश्न वजनाचा. 20 सेंटिमीटरची, सेंटिमीटरभर जाड टाइल पाऊण किलोच्या आसपास भरते. चौरस मीटरला 25 लागतात. बॅगेची वजनमर्यादा तिथेच संपली! ओट्यामागची अख्खी भिंत करायची हौस असेल, तर दुकानालाच पाठवायला सांगा आणि दहा टक्के जास्त घ्या. तीच छटा पुन्हा मिळेलच असं नाही. चार-सहाच हव्यात? उभ्या ठेवून कपड्यांच्या मधोमध भरा. जमिनीसाठी हव्या असतील तर तसं आधी सांगा, भिंतीच्या टाइलची झिलई चपलांखाली झिजते. एकाच दुकानात 70 युरोंच्या वर बिल झालं तर व्हॅट परताव्याचा फॉर्म मागा. माल सोबत नेणार असाल तरच तो चालतो.