‘कामुक’ नको, ‘शृंगारिक’ म्हणा; आणि यपीला यपीच राहू द्या

‘नाइन अँड अ हाफ वीक्स’ या १९८६च्या अमेरिकी चित्रपटाची ओळख लिहिताना ‘इरॉटिक रोमान्स’ आणि ‘यपी’ (भरपूर कमावणारे तरुण शहरी व्यावसायिक) हे शब्द मराठीत कसे आणावेत, असं तुम्ही विचारलंय. तुमचा मसुदा आहे, ‘नवश्रीमंतांच्या जगातला कामुक प्रेमपट’. मला यातला एकही शब्द नेमक्या जागी बसलेला वाटत नाही.

आधी ‘कामुक’. संस्कृतात त्याचा अर्थ इच्छा करणारा एवढाच. मराठीत मात्र तो नापसंती घेऊन येतो. ‘कामुक नजर’ म्हटलं की त्या नजरेपासून लांब सरकावंसं वाटतं. ‘कामोद्दीपक’ औषधाच्या बाटलीवर शोभतो. ‘प्रणयपट’ फारच सोज्ज्वळ, त्यात देहाचा उल्लेखसुद्धा चोरून होतो.

‘शृंगारिक’ हा आपला जुना, पेलणारा शब्द आहे. राम जोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्यांना आपण शृंगारिक म्हणतो. त्यांत देह उघड आहे, पण शब्दात हिणवणं नाही. शिवाय या शब्दाला आणखी एक पदर आहे, आणि माझ्या मते या चित्रपटासाठी तोच महत्त्वाचा. पोळ्याला आपण बैल शृंगारतो: शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. शृंगारणं म्हणजे सजवणं. भरतमुनींनीही नाट्यशास्त्रात शृंगाररसाला ‘उज्ज्वलवेषात्मक’ म्हटलंय. म्हणजे रती आणि पेहराव हे दोन्ही या शब्दात मुळापासून एकत्र नांदतात.

आता चित्रपट आठवा. नायक जॉन वॉल स्ट्रीटवर पैशाचे सौदे करतो, नायिका एलिझाबेथ न्यूयॉर्कच्याच सोहो भागातल्या कलादालनात काम करते. त्याच्या घरी एकटी असताना ती कपाट उघडते, तर आत ओळीने टांगलेले एकसारखे सूट. तो तिला घड्याळ भेट देतो आणि सांगतो, रोज बाराच्या ठोक्याला माझा स्पर्श आठव. स्वयंपाकघरात उघड्या फ्रिजसमोर ती डोळे मिटून जमिनीवर बसते आणि तो तिला स्ट्रॉबेरी, मिरची, मध असं एकेक भरवत जातो. सूट, घड्याळ, फ्रिज. इथला सगळा शृंगार वस्तूंच्या मार्फत चालतो, आणि हेच त्याचं यपीपण.

मग ‘यपी’. यंग, अर्बन, प्रोफेशनल या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून, ‘हिप्पी’च्या वळणावर, तो अमेरिकेत १९८०च्या सुमारास छापून येऊ लागला. १९८४च्या अखेरीस न्यूजवीक साप्ताहिकाने ते वर्षच यपींचं ठरवलं. १९ ऑक्टोबर १९८७ला अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला आणि शब्दाची झळाळीही ओसरू लागली. चित्रपट त्याच्या दीडएक वर्ष आधीचा, ऐन भरातला.

‘नवश्रीमंत’ इथे चालत नाही. नवश्रीमंत म्हटलं की अख्खं कुटुंब, बंगला, लग्नातला थाट डोळ्यांसमोर येतो. यपी एकटा असतो. पगार, बोनस, शहरातलं घर आणि स्वतःची अभिरुची, एवढाच त्याचा संसार. ‘उच्चभ्रू’ वृत्ती सांगतो, व्यवसाय सांगत नाही. ‘पांढरपेशा’ सर्वांत जवळ येतो, तोही कपड्यावरून पडलेलं नाव आहे. पण आपला पांढरपेशा बँकेत मुदतठेव ठेवतो, चारचौघांत उधळपट्टी करायला कचरतो. जॉनला तो शब्द लावला तर वाचक फसेल.

म्हणून ‘यपी’ तसाच ठेवा. हिप्पी आपल्या लोकांनी गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष पाहिला, त्यामुळे तो शब्द खुलाशाशिवाय रुजला. यपीला एका ओळीचा खुलासा लागेल.

राहिला ‘प्रेमपट’. तो मी काढून टाकेन. जॉन हुकूम सोडतो, एलिझाबेथ पाळते, आणि नवव्या आठवड्यानंतर ती निघून जाते. ती परत येईल या आशेने तो पन्नासपर्यंत आकडे मोजू लागतो. ती येत नाही. आपल्या साहित्यशास्त्रात रती दोघांच्या ठायी सारखी नसेल तर त्याला शृंगार न म्हणता शृंगाराभास म्हणतात. तुमच्या लेखात पुढे चित्रपटाचं मूल्यमापन येणार असेल तर हा शब्द जरूर वापरा. दोघांमधला असमतोल तो एका फटक्यात सांगतो.

तर मी असं लिहीन: ‘ऐंशीच्या दशकातल्या न्यूयॉर्कमधल्या यपींच्या, म्हणजे भरपूर कमावणाऱ्या आणि हौसेने खर्चणाऱ्या तरुण शहरी व्यावसायिकांच्या, जगातला शृंगारपट.’

छापताना ‘शृंगार’च्या पहिल्या अक्षराकडे लक्ष द्या. ‘श’ला फक्त ऋकार आहे. ‘श्रृंगार’ असं लिहिलं की त्यात एक ‘र’ फुकटचा घुसतो, आणि जाहिरातींपासून पुस्तकांच्या मुखपृष्ठांपर्यंत तो सर्रास दिसतो. मूळ शब्द ‘शृंग’, म्हणजे शिंग. ‘साहित्यदर्पण’ हा संस्कृत ग्रंथ लिहिणाऱ्या विश्वनाथाने शृंग म्हणजे मनात कामाचा अंकुर फुटणं, असा अर्थ लावलाय.