सादरीकरण परदेशात, पाठीशी संस्था नाही

प्रश्न : मी कोणत्याही विद्यापीठात नाही. चांदीचे नॅनोकण बसवलेल्या गाळणकागदाने पाणी जंतुमुक्त करण्यावर स्वतंत्रपणे काम करतो. परदेशातल्या एका परिषदेने माझा सारांश तोंडी सादरीकरणासाठी स्वीकारला आहे, पण प्रवासखर्च झेपणारा नाही. काही प्रतिष्ठानांना लिहिलं, कुणाचंच उत्तर नाही. त्या अर्जाची प्रत, परिषदेचं स्वीकृतिपत्र आणि आणखी एका परिषदेचं आमंत्रण सोबत जोडलं आहे. पैसे कुठे मागू?

उत्तर : कुठे मागायचे ते सांगतो, पण आधी अर्जाबद्दल. पहिलं पानभर तुमची ओढाताण आहे आणि पाण्यात चांदी किती उतरली, ते शेवटून दुसऱ्या ओळीत! अनुदान समित्यांवर मी बरीच वर्षं बसलो आहे. असा विषय समोर आला की तोच आकडा आम्ही आधी शोधतो. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चांदी आरोग्याला धोका न होता चालू शकते, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तुमचा आकडा त्याच्या बराच खाली आहे. मग तो पहिल्या परिच्छेदातच यायला हवा. ‘कण सुमारे २० नॅनोमीटरचे’ एवढ्यानेही भागत नाही. किती कण मोजले, लहानमोठेपणा किती, ते लिहा आणि मोजपट्टी दिसेल असं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं एक छायाचित्र लावा. ओढाताणीला दोन ओळी पुरेत.

आता पैसे. सगळा खर्च एकाच दारात मागू नका. पहिलं पत्र आयोजकांना, आणि तेही फक्त नोंदणी शुल्क माफ करण्यासाठी. नियमात सवलत बहुधा विद्यार्थ्यांनाच असते, स्वतंत्र संशोधकाचा विचारच कुणी केलेला नसतो. म्हणून विचारावं लागतं. मग विषयाच्या व्यावसायिक संघटना. त्यांची प्रवासवृत्ती बहुतेकदा सभासदांनाच मिळते आणि अर्जाची मुदत परिषदेच्या कितीतरी आधी संपते. शिवाय बऱ्याच ठिकाणी पैसे प्रवासाहून परतल्यावर, बोर्डिंग पास आणि पावत्या दाखवल्यावर हातात पडतात. तोवरची सोय आधीच करून ठेवा.

‘संस्थाप्रमुखाची सही’ या रकान्याशी तुम्ही अडणार, हे नक्की. ज्या प्रयोगशाळेने तुमचे नमुने तपासले, तिथल्या प्राध्यापकांकडून शिफारसपत्र घ्या. त्यांच्या संस्थेचं नाव मात्र परवानगीशिवाय आपल्या नावाखाली छापू नका. सरळ ‘स्वतंत्र संशोधक’ लिहा आणि ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ऑनलाइन ओळखक्रमांक, द्या. तो फुकट मिळतो.

दुसऱ्या आमंत्रणाचं म्हणाल तर मला ते मुळीच पटलेलं नाही. दंतवैद्यकापासून शेतीपर्यंत सगळं एकाच परिषदेत, तुम्ही न मागता ‘विशेष वक्ते’, आणि शुल्क ताबडतोब! न आलेल्या शास्त्रज्ञांची नावं वापरून परिषदांची जाहिरात केल्याचा आरोप असलेल्या एका प्रकाशन कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या दाव्यात २०१९ मध्ये न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला होता. जायचंच असेल, तर यादीतल्या एखाद्या वक्त्याला थेट ईमेल करून विचारा, ‘तुम्ही खरंच येणार आहात का?’ तोवर एक पैसाही भरू नका.

पहिल्या परिषदेला शुल्कमाफीचं पत्र मात्र आजच पाठवा. तुम्ही जोडलेल्या स्वीकृतिपत्राप्रमाणे नोंदणीची मुदत महिनाअखेरीला संपते आहे.