फौंड्रीतील धूळ आणि तोंडावरचा रुमाल

प्रश्न : कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मी फेटलिंगचे, म्हणजे ओतीव भागांना चिकटलेली वाळू व जादा धातू ग्राइंडरने घासून काढण्याचे काम करतो. तोंडाला रुमाल बांधतो, मोठे पंखेही सुरू असतात. एवढे पुरेसे आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. साच्याची वाळू ग्राइंडरखाली फुटते तेव्हा सिलिकाचे जे कण फुफ्फुसात खोलवर पोहोचतात, ते साधारण ५ मायक्रॉनहून लहान, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे असतात आणि रुमालाच्या विणीतून सहज आत जातात. पंखा तर धूळ काढत नाही, शेजारच्या कामगाराकडे पाठवतो. धूळ उठते तिथेच ती ओढून घेणे हा खरा उपाय असून, त्यासाठी ग्राइंडरलगत हूड (धूळ आत ओढणारे झाकणासारखे तोंड), त्याला जोडलेली नळी, पिशव्यांचे फिल्टर आणि शोषक पंखा अशी यंत्रणा लागते. हूड वीतभर दूर सरकला तरी ओढ झपाट्याने घटते, हे बसवणारेही पुष्कळदा विसरतात. पाळी संपताना हवेच्या नळीने कपडे झटकण्याची सवय मात्र आजच सोडावी, आणि जमीन ओली करूनच झाडावी. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. दाढीमुळे फट राहते. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, बरा होत नाही, म्हणून छातीचा एक्स-रे आणि श्वासक्षमतेची चाचणी ठरावीक काळाने करून घ्यावी व डॉक्टरांना आपले काम नेमके कोणते, हे आवर्जून सांगावे.