दहात एक की शंभरात एक?

ताई, तुमची मुलगी २२ महिन्यांची. आई-बाबा सोडले तर चारच शब्द बोलते. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘विकासात विलंब’ लिहिलं आणि तुम्ही रात्रभर मोबाइल घेऊन बसलात. अशी मुलं किती, तर कुठे १ टक्का वाचलंत, कुठे ९, कुठे १७, कुठे थेट ४३. वर नणंदबाई म्हणतात, ‘दहात एक मूल असतंच असं, होईल सगळं.’ यातलं खरं काय, असं विचारलंयत.

मी डॉक्टर नाही. माझा मुलगा आता अकरावीत आहे. तो पावणेतीन वर्षांचा होईपर्यंत मीही असेच आकडे चाळत होते, म्हणून लिहिते.

४३ आधी बाजूला ठेवा. लॅन्सेटमध्ये २०१७ साली आलेला तो अंदाज गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या पाच वर्षांखालच्या सुमारे २५ कोटी मुलांबद्दल आहे. त्यात एकेका मुलाला तपासलेलंच नाही. खुंटलेली उंची आणि टोकाची गरिबी यांवरून, किती मुलांची वाढ पूर्ण क्षमतेने न होण्याचा धोका आहे, ते काढलंय. सरकारांना जागं करायला तो आकडा ठीक. तुमच्या मुलीबद्दल तो काहीच सांगत नाही.

१७ टक्के अमेरिकेतले, २००९ ते २०१७ मधले. वय ३ ते १७, आणि पालकांना विचारून काढलेले. त्यात अतिचंचलता आहे, अभ्यासातल्या अडचणी आहेत. म्हणजे ज्या गोष्टी मूल शाळेत गेल्यावर कळतात त्या. २२ महिन्यांच्या बाळाला तो आकडा लावायचा कसा?

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत अपंगत्वाची नोंद १.२४ टक्के होती. आता विचार करा, दारात प्रगणक उभा आहे, घरात सासूबाई आहेत, आणि दीड वर्षाच्या नातवाबद्दल ‘काही व्यंग?’ असं विचारलं जातंय. कोण हो म्हणणार? माझ्या मुलाची नोंदही तेव्हा ‘नाही’ अशीच झाली असती.

मला स्वतःला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते २०१८ साली प्रसिद्ध झालेलं पाहणी-काम. हरियाणातलं पलवल, हिमाचलमधलं कांगडा, ओडिशातलं ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा, अशा पाच ठिकाणी २ ते ९ वयाची ३,९६४ मुलं प्रत्यक्ष तपासली. सहा वर्षांखालच्यांत ९.२ टक्के मुलांना मेंदूच्या विकासाशी, ऐकण्या-बघण्याशी किंवा बोलण्याशी संबंधित काही ना काही सापडलं, त्यापुढच्या वयात १३.६ टक्के. म्हणजे नणंदबाईंचं ‘दहात एक’ अगदीच हवेतलं नाही! पण लहान वयोगटात एका ठिकाणी तो आकडा २.९ आणि दुसऱ्या ठिकाणी १८.७ आहे. देशाची सरासरी काढून तुमच्या गल्लीत वापरता येत नाही, ती यामुळे.

त्या कामातली मला रुतून बसलेली गोष्ट वेगळीच आहे. सगळ्यात जास्त सापडलेल्या दोन गोष्टींत बौद्धिक अक्षमतेबरोबर ऐकू कमी येणं होतं. ऑटिझमची भीती सगळ्यांना वाटते, कानाची आठवण कुणाला होत नाही.

आमच्याकडेही नाही झाली. मुलगा दोन वर्षांचा झाला तरी ‘आ’ आणि ‘बा’ यापुढे जाईना. घरात उत्तरं तयार होती. मुलगे उशिराच बोलतात. याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले. जीभ जड आहे. आजीने स्टीलचं ताट वाजवून बघितलं, तो वळला. कुकरच्या शिट्टीला वळायचा, दार आपटलं की वळायचा. आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनीही ताटाची गोष्ट ऐकून ‘ऐकतोय ना, मग थांबा सहा महिने’ म्हटलं. थांबलो. नंतर तपासणीत निघालं की त्याला जाड, मोठे आवाज येत होते. स, श, फ, त असे बारीक आवाज जवळजवळ येतच नव्हते. आमचं बोलणं त्याला भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांसारखं येत असणार, कुणीतरी बोलतंय एवढंच. ताटाच्या परीक्षेत तो पास झाला आणि आमचे दहा महिने गेले. तो राग अजून आहे, थोडा डॉक्टरांवर, जास्त स्वतःवर.

आता तुमच्या मुलीबद्दल. ‘विलंब’ हा शब्द निदान नाही. तापासारखा आहे तो; ताप कशाचा ते शोधायचं असतं. एकापेक्षा जास्त बाबतींत, म्हणजे हालचाल, भाषा, समज, लोकांत मिसळणं यांतल्या निदान दोनांत मूल बरंच मागे असेल तर त्याला वेगळं नाव आहे, आणि तशी मुलं साधारण १ ते ३ टक्के. तुम्ही वाचलेला १ टक्का बहुधा तिथला. फक्त बोलणं उशिरा असलेली दोन वर्षांची मुलं त्याहून पुष्कळ, दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातली निम्म्याहून जास्त पुढे गाठतात. अडचण एवढीच की गाठणारी कुठली आणि राहणारी कुठली हे आधी कपाळावर लिहिलेलं नसतं.

तक्त्यांबद्दलही एक सांगते, कारण तुम्ही ‘दोन वर्षांला ५० शब्द हवेत’ असं लिहिलंयत. जुने तक्ते सरासरीवर असायचे. सरासरी म्हटली की निम्मी मुलं मागे राहणारच! अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये यादी बदलली आणि ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलं जे करतात ते त्या वयाला लिहिलं. त्यात ५० शब्द अडीच वर्षांना आहेत. दोन वर्षांना दोन शब्द जोडणं आहे, ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असं. काहींना हे सैल वाटतं. पण या यादीतही मूल मागे असेल, तर वाट बघायला कारण उरत नाही.

मुलगी बोट दाखवून ‘ते बघ’ असं सुचवते का? तुम्ही हातवारे न करता ‘चप्पल आण’ म्हटलं तर आणते का? काऊ-चिऊच्या घासाला, टाटा करण्याला नक्कल करते का? हे डॉक्टरांना सांगा, शब्द मोजण्यापेक्षा त्यांना याचा जास्त उपयोग होतो. वेळेआधी जन्मली असेल तर तेही सांगा. दोन वर्षांपर्यंत वय दुरुस्त करून धरतात, दोन महिने आधी आली असेल तर आज ती २० महिन्यांचीच. जन्मल्यावर रडायला वेळ लागला का, कावीळ किती चढली होती, थायरॉइड तपासला होता का, हेही काढून ठेवा.

खर्चाचं विचारलंयत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि विकासातला विलंब हा त्यांच्या चार मुख्य कामांतला एक आहे. पथकाची वाट बघायची गरज नाही. अंगणवाडीताईंकडून चिठ्ठी घ्या किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन ‘शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ कुठे ते विचारा. डीईआयसी म्हटलं की लवकर कळतं. तिथे तपासणी मोफत होते.

पहिली तपासणी मात्र कानाची मागा. डॉक्टर कदाचित बेरा सांगतील, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रावर बघणारी तपासणी. त्यात मूल गाढ झोपलेलं लागतं. त्या दिवशी तिला पहाटे उठवा, दुपारची झोप देऊ नका आणि रिक्षात डोळा लागू देऊ नका, गाणी म्हणा, बिस्किट द्या, काहीही करा. झोपेचं औषध द्यायचं ठरलं, तर खाणं किती आधी थांबवायचं तेवढं आदल्या दिवशी विचारून ठेवा. आमचा रिक्षात झोपला होता. तिथे पोचल्यावर टक्क जागा, आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली.