फवारणीचा शर्ट उंबऱ्याबाहेर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

घरात पाळणा हलणार हे कळलं, फार आनंद झाला. बातमी नेमकी आंब्याच्या मोहोराच्या तोंडावर आली आणि कलमांवरचा पंप तूच चालवतोस, म्हणून हे पत्र सूनबाईला न लिहिता तुला लिहितोय. गरोदर बाईला "बागेत जाऊ नको" एवढं सांगून लोक मोकळे होतात. ती बागेकडे फिरकली नाही तरी फवारणीचं कीडनाशक औषध तिच्यापर्यंत येतं. तुझ्या शर्टावरून येतं, केसांतून येतं, पडवीत टांगलेल्या पायपावरून येतं. ही वाट तूच अडवू शकतोस.

फवारणीच्या कपड्यांचा जोड वेगळा ठेव. तो घराबाहेरच काढायचा, मागच्या दाराने थेट न्हाणीत जायचं, आणि अंग, केस, नखं साबणाने धुतल्याशिवाय माजघरात पाऊल टाकायचं नाही. कपडे तिच्याकडे टाकू नकोस. हातमोजे घालून तूच धू: घरच्या कपड्यांत न मिसळता, गरम पाण्यात, पावडर घालून दोनदा, आणि कडक उन्हात वाळव. ते पाणी विहिरीच्या कठड्यापाशी किंवा ओढ्या-व्हाळात ओतू नको. बाटलीतलं पाणी न घातलेलं औषध सांडून कपडा भिजला असेल, तर तो धुवायच्या भानगडीत न पडता टाकूनच दे.

एवढी सक्ती का, तेही समजून घे. क्लोरपायरिफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं मज्जातंतूंचं काम आवरणारं एक एन्झाइम बंद पाडतात. ते किडीत असतं तसं माणसातही असतं. गर्भाला आईच्या रक्ताशी जोडणारी वार ही काही गाळणी नव्हे. हे विष तिच्यातून गर्भाकडे जातं. मोठ्या माणसाच्या रक्तात ते मोडणारं पीओएन-१ नावाचं एन्झाइम असतं, नवजात बाळात ते फारच कमी. म्हणून ज्या मात्रेने तुझं डोकंही दुखत नाही, ती बाळाला थोडी नसते. २०११ साली अमेरिकेतले तीन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले, दोन न्यूयॉर्कमधले आणि एक कॅलिफोर्नियातल्या शेतमजूर कुटुंबांचा. गरोदरपणात या औषधांचा संपर्क जास्त, तिथे शाळकरी वयातल्या मुलांचे बुद्धिचाचणीतले गुण कमी, असं तिन्हींत दिसलं. मोहोरावर मारतो त्या डेल्टामेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइडांबद्दल पुरावा त्यामानाने कमी आहे. तेवढ्यावरून ती निर्धोक मानू नयेत.

बाटलीवरच्या त्रिकोणाच्या रंगावर विसंबू नकोस. एका वेळी पोटात किंवा अंगावर गेलं तर किती घातक, एवढंच तो सांगतो. रोज थोडंथोडं गेल्यावर गर्भाच्या मेंदूचं काय होतं, हे त्यावर लिहिलेलं नसतं. आणि पुढच्या खेपेला बातमी कळायची वाट बघू नका. मेंदू आणि मणका ज्यापासून घडतात ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, तोवर बहुतेकींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं.

फवारणी सकाळी दव उतरल्यावर, वारा पडलेला असताना कर. खारे वारे सुटले की पंप बंद. पश्चिमेच्या कलमांवरचा तुषार पश्चिमेकडच्या खिडक्यांतून आत शिरतो, म्हणून त्या दिवशी तिकडच्या खिडक्या लावून घे आणि वाळत घातलेले कपडे, वाळवणं आत आण. मात्रा मापानेच घे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत डेल्टामेथ्रिन २.८ टक्के १० लिटरला ९ मिली आहे, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला १८० मिली. "तुडतुडे दिसतायत, अजून एक झाकण घालू" या सवयीने कीड औषधाला सरावते आणि जादा औषध तुझ्याच अंगावर येतं. काजूच्या रोठ्याला, म्हणजे खोड-मूळ पोखरणाऱ्या किडीला, क्लोरपायरिफॉस लावायचं काम यंदा दुसऱ्याकडे दे. वाशांना वाळवीचं औषध मारायचा बेत पुढे ढकल. बंद घरात ते फार काळ टिकतं.

घरात डासांची कॉइल नको. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण मोजले गेले होते. पण डास चावू देणं हा उपाय नव्हे, गरोदरपणातला मलेरिया फार वाईट. मच्छरदाणी लाव, कडा गादीखाली खोचून. आरोग्य केंद्रातून औषध लावलेली मिळाली तरी बिनघोर वापरा. झुरळ-मुंग्यांचा खडू मात्र घरात आणूच नका. बाळ रांगायला लागलं की हात जमिनीला आणि तोच हात तोंडात. तेव्हा केर काढण्याआधी ओल्या फडक्याने जमीन पुसा. अंगावरचं दूध या भीतीने कुणी तोडायला सांगितलं तर ऐकू नका.

कुणाला लाळ, घाम, उलट्या सुरू झाल्या, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या. मुद्दाम उलटी करवू नका.

राहिला मांगर, बागेतलं राखणीचं खोपटं. पंप आणि औषधं तिथे ठेवतोस, आणि तुझा नेपाळी राखणदार तिथेच बायकोपोरांसह राहतो. तिलाही दिवस गेलेले असू शकतात, तुला कुणी सांगणार नाही. औषधांना वेगळी कुलपाची खोली कर. रिकाम्या बाटल्या तीनदा खळबळून ते पाणी पिंपातच ओत, मग त्यांना भोकं पाड, म्हणजे कुणी त्यांत तेल भरणार नाही. आणि फवारणीच्या दिवशी ती पोरं तुझ्या पडवीत खेळू देत.